सुभद्राबाईंचा खुलासा

एक कागद माझ्या हातात दिला गेला होता, ही गोष्ट आजवर दोनच माणसांना ठाऊक होती. त्यातलं एक माणूस गेलं. दुसरा मी. घरात ही गोष्ट कधी निघालेली नाही, मित्रांत नाही, आणि ज्या वर्तमानपत्रासाठी मी इतकी वर्षं लिहिलं तिथे तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे. का? ते मला नीट सांगता येणार नाही, म्हणून त्याचा प्रयत्न करत नाही.

आधी मी कोण, ते. नागपूरच्या एका दैनिकात मी दोन वर्षं उपसंपादक होतो. वडील वारले आणि मी गावी परत आलो. गाव आदिलाबाद जिल्ह्यात, भीमपूरच्या पुढे, पैनगंगेच्या अलीकडच्या काठावर. राज्य तेव्हा आंध्र; शाळा-कचेरीत तेलुगू, घरात मराठी. वडिलांचं किराणा दुकान होतं ते चालवू लागलो, त्याच दैनिकाची एजन्सी घेतली, आणि वार्ताहरही झालो. आमच्या भागात हे असंच चालायचं — पेपर विकणारा आणि पेपरात लिहिणारा माणूस एकच. आदल्या संध्याकाळी छापलेली डाक आवृत्ती दुपारच्या बसने यायची आणि परतीच्या बसने माझं पाकीट जायचं. त्यात बातम्या, जाहिराती, वाचकांची पत्रं. आमच्या बाजूने पेपरात जे काही जायचं, ते माझ्या पाकिटातून जायचं. पोस्टाने पाच दिवस लागत, पाकिटाने एक. म्हणून लोक पत्रं माझ्याकडेच आणून देत. विश्वासाने, असा शब्द इथे लिहिणार होतो. सवयीने, हा जास्त बरोबर आहे.

आता सुभद्राबाई.

त्या आमच्याच गावच्या. लहानपणी विधवा झाल्या. वडिलांनी त्यांना दूरच्या एका मिशन दवाखान्यात कामाला ठेवलं, तिथे त्या नर्सिंग शिकल्या. दुसऱ्या महायुद्धात फौजेला परिचारिका हव्या होत्या. त्या गेल्या. आमच्या भागातून युद्धावर गेलेली ती पहिली बाई. पुरुषही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके गेले होते. ब्रह्मदेशाच्या आघाडीमागे, आसामातल्या एका फौजी इस्पितळात त्यांनी काम केलं, आणि तिथे त्यांना एक पदक मिळालं. युद्धानंतर सरकारी दवाखान्यांत नोकरी केली. पन्नाशी उलटल्यावर गावी परतल्या, नदीच्या वाटेवर दोन पत्र्याच्या खोल्या बांधल्या आणि दवाखाना सुरू केला. डॉक्टर वीस मैलांवर होता. पावसाळ्यात पलीकडच्या काठावरून, म्हणजे महाराष्ट्रातून, डोंग्यात घालून माणसं आणत. सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणत.

त्यांची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. माणूस तपासून झाला की त्या तीनपैकी एक वाक्य बोलायच्या. ‘इथं होईल.’ ‘आदिलाबादला न्या.’ किंवा, ‘घरी न्या.’ घरी न्या म्हणजे काय, ते सगळ्यांना कळायचं. धीर देण्यासाठी त्या खोटं बोलत नसत आणि भीती घालण्यासाठीही नाही. त्यामुळे कोणी वाद घालत नसे. आदिलाबादला न्या म्हटलं की बैल सोडलेले असले तरी पुन्हा जुंपले जात. कोणी ताप लपवला, दारू लपवली, की दुकानात बसलेली म्हातारी माणसं त्याची चेष्टा करत: ‘सिस्टरबाईपाशी खोटं नोको बोलू बाप्पा, सुई मोठी घेते ते!’ बाईंपाशी डॉक्टरी नव्हती, यंत्रं नव्हती. स्टोव्हवर उकळणारी सुयांची डबी होती, स्पिरिट होतं आणि त्यांचा शब्द होता. मी बातमीदार आहे, मोठे शब्द वापरत नाही. पण त्या शब्दावर माणसं जगत होती.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. दोन्ही काठांच्या गावांनी मिळून सुभद्राबाईंचा सत्कार करायचं ठरवलं. आमच्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत त्यांच्यावर पान द्यायचं ठरलं आणि ते मी लिहायचं होतं. पुरवणीतला माझा पहिला लेख. पुरवणीचे संपादक सत्काराला पाहुणे म्हणून येणार होते. लेख जमला तर आदिलाबादला जिल्हा प्रतिनिधी नेमायचा विचार आहे, असंही त्यांनी कळवलं होतं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. घडलेलं सांगतो आहे.

दोन दुपारी मी दवाखान्याच्या बाकावर बसून त्यांचं ऐकलं. इस्पितळ बांबूच्या झोपड्यांत होतं. एका दिवशी तोफांचा मारा जवळ आला आणि इस्पितळ हलवायचा हुकूम निघाला. ज्यांना हलवता येत होतं त्यांना लाऱ्यांत घातलं. अकरा जखमी हलवण्यासारखे नव्हते. ते मागे राहिले. दोन दिवसांनी फौज परत तिथे पोचली, तेव्हा अकरापैकी आठ जिवंत होते, आणि त्याबद्दल बाईंना पदक मिळालं. मी विचारलं, ‘म्हणजे बाई, त्या अकरा जणांजवळ तुम्ही थांबलात?’ स्टोव्हवरचं पाणी उतू गेलं, त्या उठल्या, सुयांची डबी उतरवली, मग एक पोर घेऊन कोणी आलं. प्रश्न तिथेच राहिला.

मी ते ‘हो’ धरलं. तुम्ही धरलं नसतं? मी तरी धरलं. डेस्कवर मला शिकवलेली पहिली गोष्ट ही होती, की न मिळालेलं उत्तर हे उत्तर नसतं. तरीही मी लिहिलं: ‘सुभद्राबाई एकट्या थांबल्या.’ चौथा शब्द घालायचा मोह झाला, पण मी तीनच ठेवले, इतकं ते वाक्य मला आवडलं होतं. दुसऱ्या दिवशी एकच्या बसने पाकीट गेलं.

त्याच संध्याकाळी मी इस्पितळाच्या गावाचं नाव पुन्हा विचारायला त्यांच्याकडे गेलो. त्या ओसरीवर गहू निवडत होत्या. म्हणाल्या, ‘बापू, त्या दिवशी मी उठून गेली. तुले उत्तर देल्लं नाई. आता आयक.’ आणि सांगितलं.

त्या थांबल्या नव्हत्या. शेवटच्या लारीत चढून गेल्या होत्या. जायचा हुकूम सगळ्यांनाच होता, पण वॉर्डची जबाबदारी त्यांची होती आणि कोणीतरी थांबायला हवं हे त्यांना कळत होतं. थांबली ती मंगरी नावाची आया. चहामळ्यातली मजूर बाई. झाडलोट आणि मळ काढणं हे तिचं काम. तिने दोन दिवस त्या अकरा जणांना तांदळाची पेज पाजली, लुगडं फाडून पट्ट्या बदलल्या, तिघे गेले त्यांना ओढत नेऊन बाहेर झाकून ठेवलं. फौजेबरोबर सुभद्राबाई परत आल्या तेव्हा अधिकाऱ्याने वॉर्डच्या नर्सचं नाव विचारलं आणि लिहून घेतलं. मंगरीचं नाव कोणत्याच यादीत नव्हतं. बाई गप्प बसल्या. पदक आलं, घेतलं. मंगरी पुढे कुठे गेली ते त्यांना कळलं नाही. इतक्या वर्षांत त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. ‘पदक पाहून लोक विच्यारत, मी हो नाई म्हणे, नाई बी नाई म्हणे,’ त्या म्हणाल्या. ‘आता तू लिहून राह्यला. लिहिणारापाशी असं नाई चालत. हे बी लिही.’

मी मान हलवली. लेख गेला आहे, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

पुरवणी छापायला अजून दोन दिवस होते. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मालासाठी मी आदिलाबादला गेलो. पोस्टात नागपूरला ट्रंक कॉल लावता येत होता. अर्ध्या तासात लागायचा. मी त्या पोस्टासमोरून दोनदा गेलो — एकदा जाताना, एकदा येताना. दुसऱ्या वेळी माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या, हे मला आजही स्वच्छ आठवतं. पिशव्या खाली ठेवता येतात.

लेख आला. मथळा होता ‘अकरा जखमींची आई’. तो माझा नव्हता, डेस्कने दिला होता. लोकांनी अंक वाटून वाटून वाचला. पलीकडच्या गावांतून वीस अंकांची जादा मागणी आली.

सुभद्राबाई मंगळवारी सकाळी दुकानात आल्या. रागावलेल्या दिसल्या नाहीत. त्यांनी घडी केलेला कागद काउंटरवर ठेवला. ‘खुलासा हाये,’ म्हणाल्या. ‘सत्काराच्या आत येऊ दे, बापू.’ मी म्हटलं, सरपंचांच्याही कानावर घालू का? त्यांनी नकारार्थी मान हलवली. ‘पेपरात चुकलं. पेपरातच दुरुस्त व्हायले पाह्यजे. तोंडी सांगतलं तं दाही गावांत दहा तऱ्हा होतीन.’

चुकीची दुरुस्ती जिथे चूक झाली तिथेच व्हावी, हा आमच्या धंद्याचाच नियम आहे. त्या तो मला सांगत होत्या.

त्या गेल्यावर मी कागद उघडला. दीड पान, जुन्या वळणाचं सुबक अक्षर. त्यांनी माझ्यावर काहीच ढकललं नव्हतं. चूक आपल्या न बोलण्यामुळे झाली, असं लिहिलं होतं. मंगरीचं नाव तीन वेळा होतं. एक वाक्य मला पाठ आहे: ‘पदक मला परत आल्याबद्दल मिळाले, राहिल्याबद्दल नव्हे.’ मी सवयीने पेन घेतलं. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं, एक लांब वाक्य तोडून दोन केली, वर मथळा लिहिला — खुलासा. छापायला पूर्ण तयार केला. मग काउंटरच्या खणात ठेवला आणि एकच्या बसने पाकीट त्याच्याशिवाय पाठवलं.

का? तेव्हा मी स्वतःला सांगितलं, की उद्या पाठवू. खुलासा गेला असता तर संपादकांनी विचारलं असतं, तुला हे केव्हा कळलं? आणि मला तारीख सांगावी लागली असती. इतकंच होतं. यापेक्षा मोठं कारण मी पुष्कळ वर्षं शोधलं.

त्यानंतर रोज दुपारी बस आली की सुभद्राबाई दुकानात यायच्या. बंडल सोडायच्या आत यायच्या. अंक घ्यायच्या, वाचकांच्या पत्रांचं पान उघडायच्या, वरपासून खालपर्यंत बोट फिरवायच्या, घडी घालून परत ठेवायच्या. त्यांना विकत घ्यायचा नसे. घरी त्यांचा अंक यायचाच. त्यांना बस आल्याबरोबर पाहायचा असे. असे नऊ दिवस. सहाव्या की सातव्या दिवशी त्यांनी विचारलं, ‘काऊन बापू, आलं नाई?’ मी म्हणालो, ‘पाठवलंय बाई. जागा नसेल.’ त्या म्हणाल्या, ‘हं. लढाईच्या बातम्या असतीन.’ त्या दिवशीच्या अंकात लढाईची एकही बातमी नव्हती. त्या थट्टा करत होत्या, आणि मी हसलो.

सत्कार शाळेच्या आवारात झाला. दोन्ही काठांची मिळून पुष्कळ माणसं, बायका एका बाजूला, व्यासपीठावर सरपंच, पुरवणीचे संपादक, मधे सुभद्राबाई. मी पायऱ्यांजवळ वही घेऊन. हार घालून झाले. कोणाला दोन शब्द बोलायचे असतील तर बोला, असं सरपंच म्हणाले. मागून एक वाळका म्हातारा उठला. मुधोळकडचा. लेखातलं इस्पितळाचं नाव वाचून तो दोन बसा बदलून आला होता. युद्धात तो त्या इस्पितळाच्या लारीवर ड्रायव्हर होता. त्याने आधी बाईंना नमस्कार केला. मग म्हणाला, ‘बाई, तुमी माह्या लारीत बसून होत्या. पुढच्या शिटावर. मी इतकंच म्हंतो. पेपरात काऊन असं आलं?’

त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. त्याला खरंच नवल वाटत होतं.

सुभद्राबाई उभ्या राहिल्या. ध्वनिक्षेपकाजवळ गेल्या नाहीत, तरी शेवटपर्यंत ऐकू गेलं. म्हणाल्या, ‘खरं बोलून राह्यले हे. मी लारीत होती. थांबली ते मंगरी. पेपरात चुकीचं आलं. मी तवाच खुलासा लिहून देल्ला. यायच्यापाशी देल्ला.’ आणि त्यांनी हात माझ्याकडे केला.

सरपंच माझ्याकडे वळले. ‘काय हो पेपरवाले, देल्ला होता का?’

संपादक माझ्याकडे पाहत होते. सुभद्राबाईही पाहत होत्या — पण वेगळ्या तऱ्हेने. त्यांना माझं उत्तर माहीत होतं, म्हणून त्या नुसत्या वाट पाहत होत्या. एक शब्द होता. ‘हो’. त्यानंतर जे व्हायचं ते माझं झालं असतं, त्यांचं काही जाणार नव्हतं.

मी म्हणालो, ‘माझ्याकडे काही आलं नाही.’

चार शब्द. हे वाक्य मी वहीतही लिहिलं नाही, पण त्यातला एकही शब्द विसरलेलो नाही.

सुभद्राबाईंनी हात खाली घेतला. पुन्हा दिला होता असं म्हणाल्या नाहीत. माझ्यावर आवाज चढवला नाही. खुर्चीवर बसल्या, गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला. कोणीतरी बायकांत हसलं. मागून आवाज आला, ‘सापडली तं आता खुलासा काढते!’ सरपंचांनी घाईने आभार मानले.

काय झालं ते तुमच्या लक्षात आलं असेल. त्या सभेत एकच माणूस सगळं खरं बोललं होतं, आणि तेच खोटं ठरलं. आधी मोठेपणा मिरवला, पकडल्या गेल्या, तेव्हा कबूल केलं, वर दुसऱ्यावर ढकललं — असं लोक म्हणाले. चाळीस वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट त्यांनी आपण होऊन लिहून दिली होती. माझ्या त्या चार शब्दांनी ती कबुली सारवासारव होऊन बसली.

दुसऱ्या दिवशी आंघोळीचं पाणी तापत होतं तेव्हा मी खणातला कागद काढून बंबात घातला. त्यामुळे आज तो तुम्हाला दाखवता येत नाही.

जिल्हा प्रतिनिधीची नेमणूक झाली. मी आठवड्यातून तीन दिवस आदिलाबादला बसू लागलो.

दवाखाना चालू राहिला. लोक यायचे थांबले नाहीत. दुसरं होतं कोण? पण ती तीन वाक्यं आता पूर्वीसारखी चालेनात. ‘आदिलाबादला न्या’ म्हटलं की माणसं बाहेर येऊन आपसांत बोलत. ‘बाई मोठं करून सांगते.’ ‘एक दिस पाहू.’ सुभद्राबाई एकदा सांगायच्या, पुन्हा सांगायच्या. पूर्वी त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. मी हे दुकानात बसून ऐकत होतो. बातमीदाराला ऐकू येतंच. मी काय करायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. रोज कळत होतं.

साधारण वर्षाने नामदेव माझ्या दुकानात आला. भाजीवाला, नदीकाठी त्याचे वांग्या-टोमॅटोचे वाफे. त्याची सून, कांता, सकाळपासून अडली होती. सुभद्राबाई तपासून आल्या होत्या. मूल आडवं आहे, आत्ताच्या आत्ता आदिलाबादला न्या, म्हणाल्या होत्या. नामदेवाची बायको ऐकत नव्हती. तिची सहा बाळंतपणं घरीच झाली होती. ‘ते बाई तं असंच भेव घालते,’ तिचं म्हणणं. ‘तिचं काय खरं धरता? भर सभेत पाह्यलं नं आपण.’ नामदेवाला सुचेना. गावातला शिकलेला माणूस मी, आणि त्या सभेत बाईंना खोटं ठरवणाराही मीच. म्हणून तो माझ्याकडे आला होता. घाम पुसत म्हणाला, ‘भाऊ, तुमी सांगा. बाईचं खरं धराव का नाई?’

सुभद्राबाई खोटं बोलत नाहीत, हे जगात सगळ्यात पक्कं कोणाला माहीत होतं? मला. मी ते म्हटलं असतं तर त्याने पुढे विचारलं असतं का — मंग तवा तुमी? कदाचित विचारलं नसतं. त्याची सून मरणाच्या दारात होती, त्याला सभेशी काय करायचं होतं? पण मला तो प्रश्न ऐकू आला. न विचारलेला.

मी म्हणालो, ‘मला त्यातलं काय कळतं नामदेव? तुमचं तुम्ही पाहा.’

किती समंजस वाक्य आहे, पाहा. कोणी त्याला खोटं म्हणू शकणार नाही.

नामदेव परत गेला. दुपारनंतर कांताची शुद्ध हरपत चालली तेव्हा ट्रॅक्टर काढला. सुभद्राबाई दारात उभ्याच होत्या, बोलावण्याची वाट न पाहता ट्रॉलीत चढल्या, आदिलाबादपर्यंत कांताचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. रस्ता तेव्हा सगळा खड्ड्यांचा. कांता वाचली. मूल गेलेलं होतं. मुलगा होता. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तेलुगूत नामदेवाला म्हणाल्या, की दोन-तीन तास आधी आणायला हवं होतं. नामदेवाने गावात आल्यावर ते मला सांगितलं. तक्रार म्हणून नाही. त्याने माझ्यावर काहीच ठेवलं नाही. त्याच्या मते मी त्याला काही चुकीचं सांगितलंच नव्हतं.

सुभद्राबाई त्यानंतरही दुकानात येत. साबण, माचिस, स्टोव्हच्या पिना. पत्रांचं पान मात्र त्यांनी पुन्हा उघडलं नाही. एकदा पिनांचं पुडकं घेताना त्यांनी मला विचारलं, ‘झोप लागते का रे, बापू?’ मला वाटलं — तुम्हालाही तेच वाटेल. पण त्या माझ्या डोळ्यांखाली पाहत होत्या. म्हणाल्या, ‘डोये पिवये दिसतात. उद्या उपाशीपोटी ये.’ मी गेलो. कावीळ होती. ‘इथं होईल,’ त्या म्हणाल्या, आणि बरी केली. तीन आठवडे मी रोज त्या बाकावर बसत होतो. आम्ही दोघेच असायचो. सांगायला तेवढं पुरे होतं. मी हवापाण्याचं बोललो.

तो कागद मला दिला होता, हे त्यांनी पुन्हा कधी कोणाला सांगितलं नाही. का, ते मला माहीत नाही. त्यांच्या मनातलं लिहिण्याचा मला अधिकार नाही. एकदा लिहून पाहिलं आहे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्या गेल्या. उन्हाळा होता. संपादक आता दुसरे होते, तरुण. त्यांनी चार परिच्छेद आणि फोटो मागितला. शेवटी म्हणाले, ‘त्यांच्याबद्दल युद्धाचं काही प्रकरण झालं होतं ना? तेही एका ओळीत घ्या. नाहीतर पत्रं येतात.’ मी घेतलं. ‘युद्धकाळातील कामगिरीबाबतचा त्यांचा दावा पुढे वादग्रस्त ठरला.’ दावा त्यांनी कधीच केला नव्हता. केला होता मी. इथे लिहायची शेवटची संधी होती, जागाही होती. चार परिच्छेद म्हणजे पुष्कळ जागा. मंगरीचं नाव घालायला एक ओळ लागली असती. मी ती घातली नाही.

बाईंचे दिवस झाल्यावर मी नामदेवाच्या घरी गेलो. कांताने चहा केला. तिला नंतर एक मुलगी झाली, आदिलाबादच्या दवाखान्यात; सुभद्राबाईंनी पाचव्या महिन्यापासून सांगून ठेवलं होतं आणि त्या खेपेला त्या घरात कोणी वाद घातला नाही. भिंतीवर, देवाच्या तसबिरींच्या शेजारी, कांताने माझा तो मृत्युलेख कापून खळीने चिकटवला होता. फोटोसाठी. तिला मराठी वाचता येत नाही. शाळेत ती तेलुगू शिकली. आमच्याकडे असं पुष्कळांचं आहे — बोलायचं मराठी, वाचायचं तेलुगू.

ती म्हणाली, ‘भाऊ, तुमीच लेह्यलं म्हंतात. वाचून दाखवा नं. काय लेह्यलं बाईचं?’

मी उठून भिंतीजवळ गेलो आणि वाचलं. जन्म, शिक्षण, दवाखाना, नदी ओलांडून येणारे रुग्ण. ते एक वाक्य आलं, ते गाळून पुढचं वाचलं. आवाज कुठे अडला नाही. सवय आहे. कांता पदराने हात पुसत, उभ्यानेच, सगळं ऐकत होती. माझं वाचून झालं तरी ती तशीच उभी राहिली.

‘एवढंच?’ तिने विचारलं.

मी म्हणालो, ‘एवढंच.’